फुकुशिमाचं हानामियामा: साकुरासाठी एकच दिवस असेल तर तो इथे घालवा

एप्रिल जवळ आला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, अगं आम्ही जपानला येतोय, साकुरा म्हणजे चेरीचा फुलोरा कुठे बघायचा, आणि उत्तरं ठरलेली असतात, उएनो पार्क, मेगुरो नदी, चिदोरीगाफुची, फार तर फुजीसमोरचा तो लाल पॅगोडा. सगळ्या जागा सुंदर आहेत, नाही म्हणत नाही. पण मला विचाराल तर टोकियोहून शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन पकडायची, दीड-पावणेदोन तासांत फुकुशिमा गाठायचं आणि शहराच्या कडेला असलेल्या हानामियामावर जायचं. नावाला डोंगर, आपल्या हिशोबाने टेकडीच, पण त्या टेकडीवर एप्रिलमध्ये जे काही फुललेलं असतं ते मी जपानमध्ये दुसरीकडे कुठेच बघितलेलं नाही आणि इतकी वर्षं इथे राहून आता हे मी ठामपणे सांगते.

यावेळी सासू-सासरे तासगावहून आले होते म्हणून मुद्दाम त्यांना घेऊन गेलो. बाबांची स्वतःची द्राक्षबाग, आयुष्य शेतात गेलेलं, त्यामुळे उंच बिल्डिंगा आणि मॉल बघून ते दोन दिवसांत कंटाळले होते. आईंना गुडघ्याचा त्रास आहे आणि त्या माळकरी आहेत, म्हणजे चढण आणि खाणं हे दोन्ही प्रश्न होते, आणि म्हणूनच हे लिहिताना त्या दोन गोष्टींबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण आई-वडलांना घेऊन फिरणाऱ्या कोणालाही हेच दोन प्रश्न पडतात.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे जागा कळेल. हे सरकारने बनवलेलं गार्डन नाही. हे शेत आहे. एका शेतकरी कुटुंबाचं, खाजगी मालकीचं, आजही चालू असलेलं फुलांचं शेत. अबे नावाचं हे कुटुंब मूळचं रेशीम करणारं, घरात रेशीमकिडे पाळायचे. १९३०च्या आसपास रेशमाचे भाव कोसळले आणि जपानमधल्या अशा हजारो घरांचे हाल झाले. मग या घराने फुलं विकायला सुरुवात केली, पुढे घराजवळचा डोंगर घेतला आणि बाप-लेकांनी झाडोरा साफ करत, कुदळीने खणत थोडी थोडी करून फुलझाडं लावली. विकायला लावली हां, शोभेसाठी नाही. जपानमध्ये फुलांच्या फांद्यांना मोठं मार्केट आहे, इकेबाना म्हणजे फुलांच्या मांडणीसाठी, देवळासाठी, नवीन वर्षासाठी, ३ मार्चला मुलींचा हिनामात्सुरी असतो त्याला पीचची फांदी लागतेच. अशी वर्षानुवर्षं झाडं वाढत गेली आणि वसंतात अख्खा डोंगर फुलायला लागला, लोक विचारायला लागले आम्ही आत येऊन बघू का, आणि १९५९ मध्ये या कुटुंबाने डोंगर सगळ्यांसाठी उघडून टाकला. फुकट. तेव्हापासून आजपर्यंत तिकीट नाही. गेट नाही, टर्नस्टाइल नाही, तुम्ही चालत चालत सरळ कोणाच्या तरी शेतात जाता.

मला हे फार मोठं वाटतं. विचार करा, आपल्या बागेत सीझनला लाखो लोक येणार, पायवाटा तुडवणार, फोटो काढणार, आणि आपण एक पैसा घ्यायचा नाही, वर त्यांना फिरता यावं म्हणून रस्ते नीट ठेवायचे. हे अबे कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या केलंय. अबे इचिरो, ज्यांनी वडलांबरोबर डोंगर खणला आणि पुढे सगळं सांभाळलं, ते २०१३ मध्ये गेले, पण घरच्यांनी डोंगर तसाच उघडा ठेवलाय.

शोतारो अकियामा म्हणून जपानचे मोठे फोटोग्राफर होते, ते वर्षानुवर्षं इथे यायचे आणि सगळ्यांना सांगायचे की फुकुशिमात स्वर्ग आहे. त्यांच्यामुळे ही जागा देशभर माहीत झाली. आजही जपानी लोकांमध्ये हानामियामा खूप प्रसिद्ध आहे, तुम्हाला गर्दीत निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे जपानी आजी-आजोबा दिसतील, पाठीला छोटी सॅक, डोक्याला टोपी, गळ्यात मोठा कॅमेरा. परदेशी टूरिस्ट त्या मानाने कमी, क्योटोसारखं नाही.

आता फुलांबद्दल. टोकियोत आपण साकुरा बघतो तो बहुतेक सगळा सोमेई योशिनो, एका जातीचा, एकाच फिक्या रंगाचा, एकाच आठवड्यात फुलून जाणारा. इथे तसं नाही. इथे एकाच वेळेला पाच-सहा प्रकारची झाडं फुललेली असतात आणि ती उतारावर एकावर एक रचल्यासारखी दिसतात. खाली रेंग्योची झुडपं, पिवळीधम्मक, इतकी पिवळी की ढगाळ दिवशीसुद्धा डोळे दिपतात. त्यांच्या मध्ये मध्ये युकियानागीच्या पांढऱ्या लोंबत्या फांद्या. मग बोके नावाचं झुडूप, त्याचा लाल-केशरी रंग. त्याच्या वर हानामोमो म्हणजे फुलांसाठी लावलेलं पीच, गडद गुलाबी, आणि त्यातली काही झाडं अशी की एकाच झाडावर पांढरी आणि लाल दोन्ही फुलं, आई तर तिथे थांबून राहिल्या, त्यांचा विश्वास बसेना, त्यांना वाटलं दोन झाडं एकात एक गुंतलीयत, खाली वाकून बुंधा एकच आहे ना ते बघून आल्या. आणि सगळ्यात वर, आकाशाला लागून, साकुराच्या वेगवेगळ्या जाती, त्यात तोकाईझाकुरा म्हणून एक लवकर फुलणारी जात आहे ती इथे भरपूर. तिच्या फांद्या सरळ वर जातात आणि फुलं फांदीला अगदी चिकटून, खालपासून वरपर्यंत, गच्च.

आणि इथेच बाबांचं लक्ष गेलं. आम्ही सगळे वर फुलांकडे बघत होतो, ते खाली बुंध्याकडे. एका मोमोच्या म्हणजे पीचच्या झाडाजवळ थांबले, झाड कमरेएवढ्या उंचीवर छाटलेलं होतं, जुन्या कापाच्या जागा गोल, करड्या, सुकून गुळगुळीत झालेल्या, आणि त्या प्रत्येक कापाच्या बाजूने चार-पाच नवीन काड्या सरळ वर गेलेल्या, बोटाएवढ्या जाड, आणि फूल सगळं त्या नवीन काडीवर. एक काप मात्र ताजा होता, आतलं लाकूड अजून पिवळसर, ओलसर दिसत होतं. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला, वरच्या काडीवरचे डोळे मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हे पार्क न्हाई गं, ही धरलेली बाग हाय. बघ की, कात्री कुठं मारलीया." मग पुढचा अर्धा तास मला त्यांनी समजावलं की ही माणसं दरवर्षी फांदी कापून विकतात म्हणून झाड बुटकं राहतं, बुटकं राहतं म्हणून फूट जोमात येते, आणि फूट जोमात येते म्हणून एवढं फूल दिसतंय, झाडाला मोकळं वाढू दिलं असतं तर फूल वर शेंड्याला गेलं असतं आणि खालून चालणाऱ्या माणसाला नुसते बुंधे दिसले असते. मी ही जागा आधी बघितलेली, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. आपल्या डोळ्यांसमोर फुलांची भिंत उभी राहते ती कात्रीमुळे. द्राक्षाची खरड छाटणी तिकडे नेमकी एप्रिलमध्येच असते, त्यामुळे बाबांचं अर्धं लक्ष तासगावला होतंच, इथे आल्यावर ते एकदम खुलले.

सीझनमध्ये इथे फुलांची माहिती सांगणारे गाइड असतात, स्थानिक लोक, बहुतेक रिटायर्ड, जॅकेट घालून उभे असतात आणि काहीही विचारा, मनापासून सांगतात. त्यातल्या एका आजोबांना मी बाबांचा प्रश्न जपानीत सांगितला, की फांद्या फुललेल्या कापतात की कळी असताना. त्या आजोबांचा चेहरा असा काही उजळला, कारण बहुतेक लोक त्यांना फोटो कुठून काढू एवढंच विचारत असणार. त्यांनी सांगितलं की कळी असतानाच कापायची, थंडीतच, आणि मग गरम दमट खोलीत पाण्यात उभ्या करून ठेवायच्या म्हणजे फांदीला वाटतं वसंत आला आणि ती सीझनच्या आधी फुलते, तेव्हा भाव चांगला मिळतो. बाबा म्हणाले, "म्हंजे आगाप माल." मी आगापचं जपानी शोधत बसले, पण त्या दोघांना माझी फारशी गरज राहिली नव्हती, ते हातवारे करून कापाचा तिरका अँगल एकमेकांना दाखवत होते.

चढणीबद्दल. तीन रस्ते आखलेले आहेत, साधारण ३० मिनिटांचा, ४५ मिनिटांचा आणि ६० मिनिटांचा, बोर्डवर नकाशा आहे. या वेळा जपानी चालीच्या आणि न थांबता चालणाऱ्याच्या, आपण फोटो काढत, बसत, श्वास घेत जाणार तर दुप्पट धरा. वाट अरुंद आहे, काही ठिकाणी पायऱ्या, काही ठिकाणी मातीचा उतार, पाऊस पडून गेला असेल तर घसरडं होतं, त्यामुळे चपला आणि प्लेन सोलचे बूट नकोत. आईंना आम्ही छोट्या रस्त्याने नेलं, हळूहळू, काठी घेऊन, आणि जमलं. पण खरं सांगायचं तर ज्यांना गुडघ्याचा जास्त त्रास आहे किंवा व्हीलचेअर आहे त्यांनी डोंगर चढायचा अट्टाहास करू नका. खालच्या सपाट रस्त्यावरच, म्हणजे बस थांबते तिथून डोंगराच्या पायथ्यापर्यंत, दोन्ही बाजूला दुसऱ्या शेतकऱ्यांच्या फुलबागा आहेत आणि तिथून समोर अख्खा डोंगर दिसतो. माझ्या मते सगळ्यात सुंदर फोटो तिथूनच येतो, वरून नाही. खाली पिवळं रेंग्यो, मागे गुलाबी उतार, त्याच्यावर निळं आकाश. वर न चढता परत आलेल्यालाही पैसे वसूल, म्हणजे पैसे तर नाहीतच, दिवस वसूल.

वर गेलात तर मात्र आझुमा पर्वतरांग बघायला विसरू नका. हा खरा बोनस आहे. टेकडीच्या माथ्यावरून अख्खं फुकुशिमा शहर खोलगट खोऱ्यात पसरलेलं दिसतं, मध्येच शिनोबुयामा नावाची एक हिरवी टेकडी, आणि पलीकडे पश्चिमेला बर्फाने भरलेली आझुमाची रांग. त्यात आझुमा कोफुजी म्हणून १७०७ मीटरचा ज्वालामुखी आहे, आणि वसंतात त्याच्या उतारावरचं बर्फ वितळताना एक जागा अशी राहते की पांढऱ्या सशाचा आकार तयार होतो. दोन लांब कान एकदा दिसले की मग ससाच दिसतो. इथले शेतकरी पिढ्यान् पिढ्या हा ससा दिसला की पेरणीची वेळ झाली असं मानत आलेत, त्याला नावच पेरणीचा ससा आहे. हे सांगितल्यावर बाबा लगेच म्हणाले, आपला पावशा पेरते व्हा, पेरते व्हा ओरडतो तसंच की हे. ससा साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत दिसतो, त्या वर्षीच्या बर्फावर आणि हवेवर आहे, धुकं किंवा ढग असले तर काही दिसत नाही. आम्हाला कान स्पष्ट दिसले, बाकीचा ससा थोडा कल्पनेने भरून घेतला, पण दिसला.

आता रेडिएशन. हा प्रश्न येणारच, सांगलीहून निघायच्या आधी नातेवाइकांनी आई-बाबांना फोन करून करून घाबरवलं होतं की फुकुशिमाला कशाला जाताय. तर शांतपणे सांगते. फुकुशिमा हे शहराचंही नाव आहे आणि जिल्ह्याचंही, म्हणजे जपानीत ज्याला केन म्हणतात त्याचं, आणि हे केन क्षेत्रफळाने जपानमधलं तिसऱ्या नंबरचं मोठं आहे. २०११ ला ज्या अणुऊर्जा प्रकल्पात अपघात झाला तो समुद्रकिनाऱ्यावर आहे, शहरापासून साधारण ६० किलोमीटर लांब. अपघातानंतर शहरावरही परिणाम झाला होता, हे लपवण्यासारखं नाही, हानामियामा ज्या वातारी भागात आहे तिथेही डिकंटॅमिनेशनचं काम करावं लागलं, घरांची छपरं धुतली, वरची माती काढली. आज शहरातली पातळी जगातल्या इतर मोठ्या शहरांच्या रेंजमध्ये आहे, आणि शहरभर पार्कांमध्ये, शाळांमध्ये मोजणारी मशिनं उभी आहेत, आकडा तिथल्या तिथे मायक्रोसिव्हर्टमध्ये दिसतो, कोणालाही वाचता येतो. शेतमालाची तपासणी तर इतकी कडक होती की २०१२ पासून पुढे काही वर्षं तांदळाचं प्रत्येक पोतं न् पोतं मशीनमधून गेलं. बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, शेतकऱ्याच्या मालाचं नाव खराब झालं की ते परत मिळवायला आयुष्य जातं. मला वाटतं इथे जाऊन फुलं बघणं, एखादी फांदी, एखादा ज्यूस विकत घेणं, हे आपल्या हातातलं आहे, आणि ते करावं.

आणखी एक गोष्ट जी मला या लोकांबद्दल आदर वाटायला लावते. इतकी माणसं यायला लागली की पायाखाली तुडवून तुडवून माती घट्ट झाली, मुळांना त्रास व्हायला लागला, झाडं कमजोर दिसायला लागली. तर २०१२ च्या वसंतात डोंगर लोकांसाठी बंद ठेवला, झाडांना विश्रांती द्यायची म्हणून. ऐन सीझन, अख्ख्या शहराचा टूरिझम त्यावर अवलंबून, आणि तोही अपघातानंतरचा वसंत, तरी बंद. पुढच्या वर्षी परत उघडला. म्हणून जाल तेव्हा वाट सोडून आत जाऊ नका प्लीज, फांदी खाली ओढून सेल्फी नको, मुलांना झाडाला लोंबकळू देऊ नका. ती कोणाची तरी पिकाची काडी आहे, पुढच्या वर्षी विकायची.

कधी जायचं. एप्रिलचा पहिला ते तिसरा आठवडा, त्यातही मधला आठवडा-दहा दिवस सगळ्यात भारी, पण दरवर्षी थोडं पुढे-मागे होतं, थंडी कमी असेल तर लवकर. टोकियोतला साकुरा गळायला लागला की इथला रंगात येतो, त्यामुळे ज्यांची फ्लाइट उशिराची आहे आणि टोकियोतला चुकलाय त्यांना तर हा हमखास उपाय आहे. मार्चच्या शेवटी गेलात तर उमे म्हणजे जपानी प्लमची फुलं आणि सान्शुयु नावाचं पिवळं फूल मिळेल, एप्रिलच्या शेवटी दुहेरी पाकळ्यांचा साकुरा आणि मॅग्नोलिया. भर थंडीत रोबाई नावाचं पिवळं, सुगंधी फूल येतं, ते बघायला गर्दी नसते. सकाळी लवकर पोचा. दहाच्या आत पोचलात तर वाटेवर मोकळेपणाने थांबता येतं, अकरा ते दोन मुंगीला पाय ठेवायला जागा नसते आणि अरुंद वाटेवर मागचे थांबलेत म्हणून आपल्याला पुढे सरकावं लागतं. आमच्या समोर एका टूर कंपनीचा ग्रुप होता, त्यांना बसवाल्यांनी एवढा कमी वेळ दिला होता की बिचारे माथ्यावर न जाता घड्याळ बघत परत फिरले. पॅकेज टूर घेऊ नका, स्वतः जा, अजिबात अवघड नाही.

जायचं कसं. टोकियो किंवा उएनोहून यामाबिको किंवा त्सुबासा शिंकान्सेन घ्या, दोन्ही फुकुशिमाला थांबतात. हायाबुसामध्ये चुकूनही बसू नका, ती फुकुशिमाला न थांबता सरळ सेंदाईला जाते. एका बाजूचं भाडं माणशी साधारण ९ हजार येन, स्वस्त नाहीये, चार माणसांचं जाऊन-येऊन बरंच होतं, त्यामुळे जे भारतातून टूरिस्ट व्हिसावर येतात त्यांनी जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचा पास बघावा, पुढे सेंदाई किंवा यामागाता करणार असाल तर परवडतो का ते हिशोब करून बघा. फुकुशिमा स्टेशनवरून सीझनमध्ये हानामियामासाठी स्पेशल बस सुटतात, पंधरा-वीस मिनिटांत पोचवतात. रांग असते पण रांग जपानी आहे, भराभर सरकते. गाडीने जाणाऱ्यांना ऐन सीझनमध्ये पायथ्यापर्यंत जाता येत नाही, लांब नदीकाठी गाडी लावून शटल बस घ्यावी लागते, आणि तिथे गाडीमागे देखभालीसाठी थोडी रक्कम मागतात, ती आनंदाने द्या. सामान असेल तर स्टेशनवरच लॉकरमध्ये टाका, वर बॅग ओढत नेण्यासारखं काही नाही. आणि हो, सकाळी चांगली थंडी असते, स्वेटर हवाच, दुपारी उन्हात काढावा लागेल. सुगी म्हणजे जपानी सीडर झाडाच्या परागाची ॲलर्जी असेल तर मास्क घ्या, एप्रिलमध्ये त्रास होतो.

खाणं. पायथ्याशी सीझनमध्ये स्टॉल लागतात, वातावरण छान जत्रेचं. पण शाकाहारी लोकांनी सावध. तामाकोन्याकु म्हणून काठीला लावलेले तपकिरी गोल गोळे दिसतील, दिसायला निरुपद्रवी, कंद आहे तो, पण ज्या पाण्यात उकळतात त्यात पुष्कळदा सुका स्क्विड टाकलेला असतो. इकानिंजिन नावाचं गाजराचं लोणच्यासारखं काहीतरी मिळतं, गाजर बघून घेऊ नका, त्यातही स्क्विडच. फुकुशिमाची प्रसिद्ध डिश म्हणजे गोल तव्यात चक्राकार लावून कुरकुरीत भाजलेले एन्बान ग्योझा, म्हणजे मोमोसारखे डंपलिंग, त्यात पोर्क असतं. मांसाहार करणाऱ्यांनी जरूर खा, स्टेशनजवळ संध्याकाळी भरपूर दुकानं आहेत, माझ्या नवऱ्याने एकट्याने अर्धं ताट संपवलं. आईंसाठी मी घरून मेथीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही नेलं होतं, खाली रस्त्याच्या कडेच्या बाकावर बसून खाल्लं, कचरा पिशवीत घालून परत आणला, कारण कचऱ्याचा डबा शोधत फिरावं लागतं. साधा उमेबोशीचा ओनिगिरी, म्हणजे आत खारवलेलं उमे घातलेला भाताचा गोळा, कोणत्याही कोनबिनीत म्हणजे छोट्या किराणा दुकानात मिळतो, पण त्यातही माशाचा अर्क असू शकतो, घटक वाचूनच घ्या. पीचचा ज्यूस आणि पीचचं सॉफ्ट आइस्क्रीम मात्र सोडू नका, यामानाशीच्या खालोखाल जपानमध्ये सगळ्यात जास्त पीच या फुकुशिमातच होतं आणि ज्यूसला खरी फळाची चव आहे, घट्ट, थोडी आंबूस, साखरेचं पाणी नाही. आईंनी दोन ग्लास घेतले आणि बाटलीही बांधून घेतली.

स्टॉलवर शेतकरी बायका फुलांच्या फांद्या, छोटी रोपं आणि घरची लोणची विकतात. फांद्यांचा गुच्छ घ्या, टोकियोतल्या फुलवाल्यांपेक्षा बराच स्वस्त मिळतो, ओल्या कागदात नीट गुंडाळून देतात, शिंकान्सेनमध्ये वर रॅकवर आडवा ठेवला की काही होत नाही. आमच्याकडे तो पुढे आठवडाभर फुलत राहिला. भारतात न्यायचा विचार करू नका, झाडांचे नियम कडक असतात.

कमी काय वाटलं? इंग्रजी बोर्ड आहेत पण झाडांच्या नावांच्या पाट्या बहुतेक जपानीतच, फोनचा कॅमेरा ट्रान्सलेटर ठेवा. टॉयलेट खाली आहेत, चढायच्या आधी जाऊन घ्या. बसायला वर जागा फार कमी आहे, वयस्कर माणसांसाठी अजून चार बाक हवे होते असं मला वाटतं, पण बाक ठेवायला झाडं तोडावी लागतील आणि ते शेत आहे, तर ठीक आहे. आणि पावसात जाऊ नका, निसरडं होतं आणि आझुमा दिसत नाही, दिवस बदलता येत असेल तर बदला. माझ्याकडून ५ पैकी ५, यात मी आईंच्या गुडघ्याचाही हिशोब धरलाय.

दुपारी मोकळे झालात तर लगेच टोकियोला परतू नका. फुकुशिमा स्टेशनवरूनच ईझाका लाइनची छोटी ट्रेन सुटते, पंचवीस मिनिटांत ईझाका ओन्सेन, जुनं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तिथलं साबाकोयु नावाचं लाकडी सार्वजनिक स्नानगृह चढून दुखणाऱ्या पायांना अमृत आहे, पण पाणी भयंकर गरम असतं, आधी बादलीने अंगावर थोडं थोडं घेऊन मगच उतरा. तिथे कपडे काढूनच जायचं असतं, आईंना ते नको होतं, त्यांनी बाहेर पाय शेकायची सोय आहे तिथे पाय बुडवून बसणं पसंत केलं आणि त्या तेवढ्यावरही खूश होत्या. परतीची गाडी संध्याकाळी सातच्या पुढची ठेवा आणि शनिवार-रविवार असेल तर सीट आधीच बुक करा, कारण डोंगरावरची सगळी मंडळी त्याच सुमाराला स्टेशनवर येते.